शिडाच्या नौकानयनातील स्त्रियांचा सहभाग

वाऱ्याच्या शक्तीवर चालणाऱ्या नौकांतून केलेला प्रवास, व्यापार, युद्धकार्य, शर्यती व साहसी सफरी यांत स्त्रियांनी बजावलेली भूमिका या विषयाच्या कक्षेत येते. नौकेवर स्त्री असणे व नौकेची सूत्रे स्त्रीच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवासी, कप्तानाची पत्नी, सेविका किंवा नौकेवरच संसार करणारी गृहिणी या नात्यांनी स्त्रिया सर्व सागरी संस्कृतींत नौकांवर वावरल्याचे आढळते. मात्र सुकाणू, नकाशा व आज्ञा देण्याचा अधिकार त्यांच्याकडे क्वचितच येई. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा मुख्यतः नौकेच्या अधिकारपदापर्यंत स्त्रिया कोणकोणत्या मार्गांनी पोहोचल्या याचा इतिहास होय. हे मार्ग स्थूलमानाने पाच आहेत : वेषांतर, कप्तानावर ओढवलेली आपत्ती, कौटुंबिक संपत्ती, एकटीने केलेला प्रवास आणि स्पर्धांच्या किंवा सेवेच्या नियमांत झालेला बदल.

पूर्वपीठिका : आग्नेय आशियातील बजाऊ आणि दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील टंका यांसारख्या नौकावासी समाजांत कुटुंबाचे घर व उपजीविकेचे साधन एकच, म्हणजे नौका, असे. अशा समाजांत वल्हे मारणे, सुकाणू धरणे व नौका किनाऱ्याला लावणे ही कामे स्त्रिया नित्य करीत. चीनमधील झेंग यी साओ (१७७५–१८४४) ही अशाच परिसरातून पुढे आली. १८०७ मध्ये पती मृत्यू पावल्यावर तिने दक्षिण चीनच्या समुद्रातील चाचांच्या प्रचंड संघटित आरमाराचे नेतृत्व केले आणि १८१० मध्ये शासनाशी वाटाघाटी करून शरणागती पत्करली.

जेथे नौका हे घर नव्हते, तेथे श्रमविभागणी किनाऱ्याच्या रेषेवर झालेली दिसते. कोकण किनाऱ्यावरील कोळी समाज हे याचे बोलके उदाहरण होय. मचवा किंवा होडी घेऊन खोल समुद्रात जाणे हे तांडेल व खलाशी यांचे, म्हणजे पुरुषांचे काम मानले गेले. तर आलेली मासळी निवडणे, बोंबील व जवळा वाळविणे, खारविणे, बाजारात विकणे व त्या पैशाचा हिशेब ठेवणे ही कामे कोळणींकडे राहिली. ओहोटीच्या वेळी खाडीतून कालवे व तिसऱ्या गोळा करणे हेही स्त्रियांचेच काम. परिणामी घराच्या अर्थव्यवहारात कोळी स्त्रीचे स्थान बळकट राहिले. परंतु शीड, सुकाणू व वाऱ्याची जाण यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात राहिले व मुलीच्या वाट्याला आले नाही. समुद्रालगत राहूनही समुद्रविद्येपासून दूर असण्याची ही स्थिती जगातील अनेक मच्छीमार समाजांत आढळते. ती शारीरिक असमर्थतेपेक्षा शिक्षणाच्या वाटा बंद असण्यातून उद्‌भवली, ही गोष्ट पुढील इतिहासावरून स्पष्ट होते.

निषेध व वेषांतर : यूरोपीय आरमारांत स्त्रियांना जहाजावर ठेवण्यास सामान्यतः मनाई असे. फ्रान्समध्ये १६८९ च्या राजाज्ञेने ही मनाई करण्यात आली होती. तीमुळे ज्या स्त्रियांना समुद्रावर जावयाचे होते, त्यांना पुरुषवेषाचा आश्रय घ्यावा लागला. ॲन बॉनी व मेरी रीड या दोघी कॅरिबियन समुद्रातील चाचांच्या नौकेवर होत्या. १७२० मध्ये जमेकात त्यांच्यावर खटला चालला. तथापि वेषांतराचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण झान बारे (१७४०–१८०७) या फ्रेंच स्त्रीचे होय. ल्वी आंत्वान द बूगँव्हील याच्या नेतृत्वाखालील पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेत (१७६६–६९) वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्साँ याचा सेवक म्हणून ती ‘एत्वाल’ या जहाजावर चढली. जड पेट्या वाहणे, डोंगर चढून नमुने गोळा करणे व ते दाबून जतन करणे ही कष्टाची कामे ती करीत असे. १७६८ मध्ये ताहिती बेटावर ती स्त्री असल्याचे उघड झाले. पुढे ती व कॉमेर्साँ मॉरिशसमध्ये उतरले. कॉमेर्साँ १७७३ मध्ये तेथेच वारला. बारेने नंतर विवाह केला आणि ती फ्रान्सला परतली. अशा रीतीने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी ती पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५ मध्ये फ्रेंच शासनाने तिला वार्षिक २०० लीव्र निवृत्तिवेतन मंजूर केले. या मोहिमेत ब्राझीलमध्ये आढळलेली व मोहिमेच्या प्रमुखाचे नाव लाभलेली बोगनवेल महाराष्ट्रातील अंगणाअंगणांत पोहोचली. बारेचे नाव मात्र एखाद्या वनस्पतीस मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी वांगी-बटाट्याच्या प्रजातीतील एका दक्षिण अमेरिकी जातीस तिचे नाव देण्यात आले.

व्यापारी जहाजांवरील स्त्रिया : एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिका येथील व्यापारी आणि देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर कप्तानाने पत्नीला बरोबर नेण्याची प्रथा रूढ होती. वर्ष-दोन वर्षे चालणाऱ्या या प्रवासांत काही स्त्रिया फावल्या वेळात नौकानयनशास्त्र शिकल्या. सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजणे, क्रोनोमीटरवरील वेळेवरून रेखांश काढणे व नकाशावर जहाजाचे स्थान मांडणे ही कामे गणिताची असून त्यांना शरीरबळ लागत नाही. जहाजावरील दोर ओढण्याचे काम खलाशांचे. पण जहाज कोठे आहे व कोणत्या दिशेने न्यावयाचे, हे ठरविणे कप्तानाचे. हा भेद मेरी पॅटन (१८३७–६१) हिच्या प्रवासात ठळकपणे दिसून आला.

‘नेपच्यून्स कार’ हे वेगवान क्लिपर जहाज १ जुलै १८५६ रोजी न्यूयॉर्कहून सॅन फ्रॅन्सिस्कोकडे निघाले. पनामा कालवा त्या काळी नसल्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालणे अपरिहार्य होते. आणि तेथे पश्चिमेकडून येणारे प्रचंड वारे नेमके समोरून येत. कप्तान जॉशुआ पॅटन याने कर्तव्यात कुचराई केल्याबद्दल पहिल्या मेटला कामावरून दूर करून बंदिस्त केले होते. पुढे क्षयाने ग्रस्त असलेला कप्तान स्वतःच अंथरुणाला खिळला. दुसऱ्या मेटला नौकानयनाचे गणित येत नव्हते. आधीच्या प्रवासात ही विद्या शिकलेली एकोणीस वर्षांची व त्या वेळी गर्भवती असलेली मेरी हीच जहाजाचे स्थान काढू शकणारी एकमेव विश्वासू व्यक्ती उरली. बंदिस्त मेटने पुन्हा अधिकार मागितला असता तो देण्यास तिने नकार दिला. खलाशांनी तिचे नेतृत्व स्वीकारले. जहाज वादळांतून केप हॉर्नला वळसा घालून १५ नोव्हेंबर १८५६ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोस सुखरूप पोहोचले. विमा कंपनीने तिला १,००० डॉलर बक्षीस दिले. दुसऱ्याच वर्षी तिचा पती वारला व १८६१ मध्ये तीही क्षयाने मरण पावली. तिचे कर्तृत्व वृत्तपत्रांतून गाजले. तथापि त्यामुळे दुसऱ्या एखाद्या स्त्रीस जहाजावर नियुक्ती मिळाली, असे घडले नाही. समाजाने तिच्याकडे पतिनिष्ठेचा आदर्श म्हणून पाहिले, नौकानयनज्ञ म्हणून नव्हे.

याउलट स्कॉटलंडमधील साल्टकोट्सची बेट्सी मिलर (१७९२–१८६४) हिने कुटुंबाच्या मालकीच्या ‘क्लायटस’ या शिडाच्या नौकेचे कप्तानपद दीर्घकाळ सांभाळले व आयर्लंडकडे कोळसा वाहून नेण्याचा व्यवसाय केला. नौकेची मालकी घरातच असल्याने नेमणुकीसाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागली नाही, ही बाब येथे लक्षणीय आहे.

क्रीडा-नौकानयन व ऑलिंपिक : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांची जागा घेतली आणि शिडाच्या नौका हळूहळू क्रीडेचे व विहाराचे साधन बनल्या. या क्रीडेची सूत्रे श्रीमंत सभासदांच्या मंडळांकडे होती व त्यांपैकी अनेकांत स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नव्हते. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडमधील रॉयल यॉट स्क्वॉड्रन या प्रतिष्ठित मंडळाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा निर्णय २०१३ मध्ये घेतला. मात्र नौका कुटुंबाची असल्यास स्त्रीला तीवर स्थान मिळू शके. १९०० च्या ऑलिंपिक सामन्यांत सीन नदीवरील शर्यतीत विजयी झालेल्या ‘लेरिना’ या नौकेवर स्वित्झर्लंडची एलेन द पूर्तालेस (१८६८–१९४५) ही पती व पुतण्या यांच्यासमवेत होती. ऑलिंपिक विजेतेपद मिळविणारी पहिली स्त्री म्हणून तिची गणना होते. १९०८ मध्ये फ्रान्सिस रिव्हेट-कार्नॅक, १९२० मध्ये डॉरोथी राइट (दोघी ब्रिटन) व १९२८ मध्ये फ्रान्सची व्हिर्झिनी एरियो (१८९०–१९३२) यांनीही सुवर्णपदके मिळविली. यांपैकी एरियो ही स्वतः अनेक नौकांची धनी होती.

या शर्यती नियमानुसार स्त्री-पुरुष दोघांनाही खुल्या असत. प्रत्यक्षात निवड, खर्च व नौकेच्या वर्गास अनुरूप लागणारे वजन यांमुळे स्त्रिया तुरळकच दिसत. १९८४ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या कॅथी फॉस्टर हिने ‘४७०’ या खुल्या वर्गात सुकाणू सांभाळून सातवा क्रमांक मिळविला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रथमच केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र शर्यत ठेवण्यात आली. ‘४७०’ वर्गातील ही शर्यत अमेरिकेच्या ॲलिसन जॉली व लिन ज्यूएल यांनी जिंकली. १९९२ मध्ये स्त्रियांसाठी ‘यूरोप’ हा एकल नौकांचा वर्ग व शीडफळी यांची भर पडली. २०१६ मध्ये स्त्रियांसाठी ‘४९ईआर एफएक्स’ हा अतिवेगवान वर्ग व ‘नाक्रा १७’ हा मिश्र वर्ग सुरू झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये (शर्यती मार्सेय येथे) एकूण दहा शर्यतींपैकी चार पुरुषांच्या, चार स्त्रियांच्या व दोन मिश्र होत्या. नेदरलँड्सची मारीट बाउमेस्टर हिने २०१२ ते २०२४ या काळातील चार ऑलिंपिक सामन्यांत दोन सुवर्ण, एक रौप्य व एक कांस्य अशी चार पदके मिळविली.

एकल सागरप्रवास : विसाव्या शतकाच्या मध्यास स्त्रियांनी अधिकारपदाचा एक वेगळाच मार्ग शोधला. कोणत्याही नौकेवर कप्तान म्हणून नेमले जाण्याची शक्यता नसल्याने त्या एकट्याच निघाल्या. एकटीच्या नौकेवर आज्ञा देणारी व पाळणारी व्यक्ती एकच असते; म्हणून तेथे अधिकाराचा प्रश्नच उद्‌भवत नाही. या मार्गास तंत्रविद्येचेही साहाय्य झाले. अनेक चाकांच्या कप्प्या व दातेरी चक्रांची विंच यांमुळे शीड ओढण्यास लागणारे बळ बरेच कमी होते. वाऱ्याच्या दिशेनुसार आपोआप नौकेची दिशा राखणारी स्वयंचलित सुकाणू-यंत्रणा १९६० नंतर प्रचारात आल्याने एकट्या व्यक्तीस झोप घेणे शक्य झाले.

ब्रिटनची ॲन डेव्हिसन ही अटलांटिक महासागर एकटीने ओलांडणारी पहिली स्त्री. १९४९ मध्ये पतीसमवेत केलेल्या सफरीत त्यांची नौका फुटून पती मृत्युमुखी पडला होता. त्यानंतर १८ मे १९५२ रोजी ‘फेलिसिटी ॲन’ या केवळ २३ फूट लांबीच्या नौकेतून तिने प्लिमथ सोडले व टप्प्याटप्प्याने प्रवास करून जानेवारी १९५३ मध्ये ती वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटावर पोहोचली. अमेरिकेची शॅरन साइट्स ॲडम्स हिने १९६९ मध्ये जपानमधील योकोहामापासून सॅन डिएगोपर्यंत पॅसिफिक महासागर एकटीने पार केला.

एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री पोलंडची क्रिस्तिना खोयनोव्हस्का-लिस्किएविच (१९३६–२०२१) ही होय. ती व्यवसायाने नौबांधणी अभियंता होती. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानिमित्त पोलिश नौकानयन संघटनेने स्त्री कप्तानाच्या प्रदक्षिणेची योजना आखली व तीसाठी तिची निवड केली. ‘माझुरेक’ ही सु. ३१ फूट लांबीची नौका तिच्या पतीच्या देखरेखीखाली बांधण्यात आली. २८ मार्च १९७६ रोजी कानेरी बेटांतील लास पाल्मास येथून निघून, पनामा कालव्याच्या मार्गाने ती २१ एप्रिल १९७८ रोजी तेथेच परतली. याच सुमारास न्यूझीलंडमध्ये जन्मलेली नेओमी जेम्स ही केप हॉर्नच्या खडतर मार्गाने प्रदक्षिणा करीत होती. ९ सप्टेंबर १९७७ रोजी ‘एक्सप्रेस क्रूसेडर’ या ५३ फुटी नौकेतून तिने इंग्लंडमधील डार्टमथ सोडले. दक्षिण महासागरात तिची नौका उलटून सावरली. डोलकाठी मोडता मोडता वाचली. ८ जून १९७८ रोजी, २७२ दिवसांनी, ती परतली. ऑस्ट्रेलियाच्या के कॉटी हिने १९८७–८८ मध्ये १८९ दिवसांत कोठेही न थांबता व कोणाचेही साहाय्य न घेता प्रदक्षिणा पूर्ण करून या मालिकेतील पुढचा टप्पा गाठला.

यानंतर प्रश्न केवळ प्रवास पुरा करण्याचा न राहता पुरुषांबरोबर स्पर्धा करण्याचा झाला. फ्रान्सची फ्लोरांस आर्तो (१९५७–२०१५) हिने १९९० मध्ये सँ-मालो ते ग्वादलूप ही अटलांटिकपार एकल शर्यत जिंकली. इझाबेल ओतिसिए हिने १९९०–९१ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेची एकल शर्यत पूर्ण करणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला. कातरीन शाबो ही ‘व्हांदे ग्लोब’ ही विनाथांबा शर्यत पूर्ण करणारी पहिली स्त्री (१९९६–९७). ब्रिटनची एलेन मॅकार्थर ही याच शर्यतीत २००१ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी दुसरी आली आणि ७ फेब्रुवारी २००५ रोजी ७१ दिवस १४ तासांत एकटीने विनाथांबा प्रदक्षिणा करून तिने स्त्री-पुरुष दोहोंमधील तत्कालीन विक्रम मोडला. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर हिने २०२२–२३ ची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जिंकली. उपग्रहाधारित दिशादर्शन वर्ज्य असलेल्या या शर्यतीत सेक्स्टंट व कागदी नकाशे यांवरच विसंबावे लागते. शर्यत चालू असता दक्षिण हिंदी महासागरात नौका बुडालेल्या एका प्रतिस्पर्ध्याची तिने सुटका केली व तरीही ती प्रथम आली. एकल पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री होय.

स्त्री-संघ व मिश्र संघ : एकट्या स्त्रीने केलेले साहस मान्य झाले, तरी संघात तिला स्थान मिळणे अधिक कठीण ठरले, कारण तेथे इतरांनी तिचा स्वीकार करणे आवश्यक असते. ब्रिटनच्या ट्रेसी एडवर्ड्‌स हिला १९८५–८६ च्या ‘व्हिटब्रेड’ पृथ्वीप्रदक्षिणा शर्यतीत स्वयंपाकीण म्हणूनच जागा मिळाली. पुढील शर्यतीसाठी (१९८९–९०) तिने केवळ स्त्रियांचा संघ उभारला. प्रायोजक मिळेनात, म्हणून एक जुनी ५८ फुटी नौका विकत घेऊन संघातील स्त्रियांनी ती दुरुस्त केली व तिचे नाव ‘मेडन’ ठेवले. अखेर जॉर्डनच्या राष्ट्रीय विमान कंपनीने साहाय्य दिले. या संघाने आपल्या वर्गातील दोन टप्पे जिंकून एकूण दुसरा क्रमांक मिळविला. त्यांपैकी एक टप्पा दक्षिण महासागरातील दीर्घ व सर्वांत खडतर समजला जाणारा होता. १९९५ मध्ये ‘अमेरिका कप’च्या निवड शर्यतींत एक स्त्री-संघ उतरला; २०१४–१५ च्या ‘व्होल्व्हो’ शर्यतीतही एका स्त्री-संघाने एक टप्पा जिंकला.

स्वतंत्र स्त्री-संघांमुळे संधी निर्माण झाली. पण संघ विसर्जित होताच ती संपे. म्हणून २०१७–१८ च्या ‘व्होल्व्हो’ शर्यतीत संयोजकांनी नियमच बदलला. केवळ पुरुषांच्या संघास सातच खलाशी ठेवण्याची मर्यादा घालण्यात आली. स्त्रिया घेतल्यास अधिक खलाशांची मुभा मिळाली. दक्षिण महासागरात दोन हात जास्त असणे हा मोठा लाभ असल्याने संघनायकांनी स्त्रियांची निवड केली. या शर्यतीत विजयी झालेल्या ‘दोंगफेंग’ संघात नेदरलँड्सची कारोलेन ब्राउवर व फ्रान्सची मारी रियू या होत्या. २०२४ मध्ये बार्सेलोना येथे ‘अमेरिका कप’ची स्त्रियांसाठी पहिली स्वतंत्र स्पर्धा झाली व ती इटलीच्या संघाने जिंकली.

नियमांतील त्रुटीही याच काळात प्रकर्षाने पुढे आल्या. २०२०–२१ च्या ‘व्हांदे ग्लोब’मध्ये स्त्रियांत सर्वांत कमी वेळ नोंदविणारी क्लारीस क्रेमेर हिला प्रसूतीमुळे पुढील शर्यतीच्या पात्रतेसाठी आवश्यक तितके सागरी मैल पूर्ण करणे अवघड झाले. २०२३ मध्ये तिच्या प्रायोजकाने साथ सोडल्यावर त्यावर मोठी चर्चा झाली. नवे प्रायोजक मिळवून ती २०२४–२५ च्या शर्यतीत उतरली. याच शर्यतीत स्वित्झर्लंडची झ्यूस्तीन मेत्रो हिने आठवा क्रमांक मिळवून सु. ७६ दिवसांचा नवा स्त्री-विक्रम केला.

भारत : भारतात शिडाच्या क्रीडानौका ब्रिटिश काळात आल्या; रॉयल बाँबे यॉट क्लबची स्थापना १८४६ मध्ये झाली. स्वातंत्र्योत्तर काळात या क्रीडेची जोपासना प्रामुख्याने सैन्यदलांनी केली. नौदलात स्त्री अधिकाऱ्यांची भरती १९९२ मध्ये सुरू झाली. तथापि युद्धनौकांवरील नेमणुका त्यांना दीर्घकाळ जवळजवळ बंदच होत्या. या पार्श्वभूमीवर शिडाची नौका ही स्त्री अधिकाऱ्यांना समुद्रात नेणारी वाट ठरली.

गोव्याजवळील दिवाडी बेटावरील नौबांधणी कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये ती विनाथांबा केली. याच नौकेवर स्त्री अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण झाले. त्याच कारखान्यात बांधलेली ‘तारिणी’ ही ५६ फुटी नौका १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. ओडिशातील तारा-तारिणी या देवस्थानावरून तिचे नाव ठेवण्यात आले आहे. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या व पायल गुप्ता या सहा अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘नाविका सागर परिक्रमे’स निघाल्या. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन असे थांबे घेत त्यांनी केप लूइन, केप हॉर्न व केप ऑफ गुड होप या तिन्ही भूशिरांना वळसा घातला. ‘गरजणारे चाळीस’ या अक्षवृत्तपट्ट्यात व त्याच्या दक्षिणेस त्यांना ताशी ६० सागरी मैलांहून अधिक वेगाच्या वाऱ्यांना व सु. ७ मी. उंचीच्या लाटांना तोंड द्यावे लागले. परतीच्या वाटेवर सुकाणू-यंत्रणेत बिघाड झाल्याने मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे दुरुस्तीसाठी थांबावे लागले. सु. २१,६०० सागरी मैलांचा प्रवास करून २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यास परतल्या. एकूण २५४ दिवसांपैकी १९९ दिवस त्या समुद्रावर होत्या.

१७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नौदलातील स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला. लेफ्टनंट कमांडर के. दिलना व ए. रूपा या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात ‘तारिणी’तून दुसरी ‘नाविका सागर परिक्रमा’ पूर्ण केली. तीत त्यांनी २५ हजारांहून अधिक सागरी मैल कापले. सहाजणींची कामे दोघींत वाटली गेल्याने एकीने पहारा द्यावा व दुसरीने विश्रांती घ्यावी, असा क्रम आठ महिने चालू राहिला. तिन्ही सैन्यदलांतील दहा स्त्री अधिकाऱ्यांचे पथक लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली ११ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून ‘त्रिवेणी’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले.

क्रीडाक्षेत्रात वर्षा गौतम व ऐश्वर्या नेदुंचेळियन यांनी २०१४ च्या इंचॉन आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळविले; २०१८ मध्ये वर्षा गौतम व श्वेता शेरवेगार यांनी रौप्य, तर हर्षिता तोमर हिने कांस्यपदक जिंकले. २०२३ मध्ये हांग्जो येथे झालेल्या आशियाई सामन्यांत नेहा ठाकूर हिला रौप्यपदक मिळाले. चेन्नईची नेत्रा कुमानन ही एप्रिल २०२१ मध्ये ओमान येथील पात्रता स्पर्धेतून ऑलिंपिकसाठी निवडली गेलेली पहिली भारतीय स्त्री नौकानयनपटू होय. टोकिओनंतर ती पॅरिस ऑलिंपिकमध्येही सहभागी झाली.

मूल्यमापन : भारतीय उदाहरणांतील एक बाब विचारार्ह आहे. हर्षिता तोमर व नेहा ठाकूर या भोपाळच्या तलावावरील राष्ट्रीय नौकानयन विद्यालयात घडल्या. ‘तारिणी’वरील पहिल्या सहाजणींपैकी वर्तिका जोशी व पायल गुप्ता उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचल प्रदेशाच्या व विजया देवी मणिपूरच्या होत. समुद्र नसलेल्या प्रदेशांतील मुली समुद्रावर पोहोचल्या; कारण तेथे विद्यालय होते किंवा सेवेने प्रशिक्षणाची सोय केली होती. याउलट पिढ्यान्‌पिढ्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या कोकणातील मच्छीमार स्त्रियांना ही विद्या मिळविण्याची परंपरागत वाट नव्हती. समुद्राची जवळीक पुरेशी नसते. शिक्षणाची व्यवस्था निर्णायक ठरते, हे यावरून दिसून येते.

मेरी पॅटनपासून ‘तारिणी’पर्यंतच्या सु. १६० वर्षांत केप हॉर्नचे वारे बदलले नाहीत. बदलली ती नौकेवर येण्याची रीत. पॅटनला अधिकार मिळाला तो पतीच्या आजारपणामुळे. पूर्तालेस व एरियो यांना कौटुंबिक संपत्तीमुळे. डेव्हिसन व लिस्किएविच यांना एकट्या असल्यामुळे. वर्तिका जोशी यांना तो रीतसर नेमणुकीने मिळाला. अपवादात्मक कर्तृत्वातून केवळ कीर्ती लाभते, वाट मोकळी होत नाही, हे पॅटनच्या उदाहरणावरून दिसते. तर प्रशिक्षण, नेमणूक व स्पर्धेचे नियम बदलल्यास अल्पावधीत अनेक स्त्रिया पुढे येतात, हे १९८८ नंतरच्या ऑलिंपिक वर्गांवरून व २०१७ नंतरच्या भारतीय परिक्रमांवरून सिद्ध झाले आहे. मातृत्व व पात्रतेचे निकष यांची सांगड, नौकांचा व प्रशिक्षणाचा मोठा खर्च आणि किनारपट्टीवरील मुलींसाठी स्थानिक नौकानयन विद्यालयांची उभारणी हे या क्षेत्रातील महत्त्वाचे प्रश्न होत.